मुलासाठी आणलेला बॉल पायथन तीन आठवड्यांपासून काहीच खात नाही. काय करावं?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: न्यू जर्सीत राहता, तेरा वर्षांच्या मुलाच्या हट्टापायी दुकानातून बॉल पायथन या जातीच्या अजगराचं पिल्लू आणलंत, तीन आठवडे झाले आणि त्याने एकदाही कशाला तोंड लावलेलं नाही. दर दोन दिवसांनी उंदीर समोर धरता, तो मान वळवून घेतो. लळा लागावा म्हणून मुलगा रोज संध्याकाळी त्याला हातावर घेऊन बसतो. दुकानदार म्हणतो, जिवंत उंदीर सोडा. नाशिकहून आलेल्या सासूबाई म्हणतात, दूध ठेवून बघा. आणि तुम्हाला विचारायचंय की तो मरेल का, परत देऊन टाकावा का.

मी पेनसिल्व्हेनियात राहते, बरीच वर्षं बॉल पायथन पाळते, आणि न खाणाऱ्या पिल्लांपायी जीव टांगणीला लागलेले लोक मला अधूनमधून विचारत असतात. त्यांना सांगते तेच तुम्हाला सांगते: आजपासून सात दिवस त्याला हात लावू नका आणि खायलाही देऊ नका. फक्त पाणी बदला. उपाशी जिवाला आणखी उपाशी ठेवायचं हे आईच्या मनाला पटणं अवघड आहे, कळतंय मला. पण तुमचं पिल्लू घाबरलेलं आहे, आणि तुम्ही सांगितलेल्या दिनक्रमात त्याची भीती ओसरायला एक दिवसही मिळत नाहीये.

हा साप मूळचा पश्चिम आणि मध्य आफ्रिकेतला. घाना, टोगो, बेनिन या देशांतून आजही त्याची निर्यात होते. तिथे तो दिवसभर उंदरांच्या जुन्या बिळात नाहीतर वाळवीच्या वारुळात पडून असतो. अंधार, ऊब, दमटपणा, आणि चारी बाजूंनी अंगाला टेकलेली माती. अंधार पडला की बाहेर. संकट आलं की चावण्याऐवजी डोकं वेटोळ्यात खुपसून बसणारा हा प्राणी आहे. आता तुमच्या दिवाणखान्यातली काचेची पेटी त्याच्या बाजूने बघा: चारी बाजूंनी उजेड, माणसांची ये-जा, टीव्हीचा हलता प्रकाश, आणि रोज वरून येऊन उचलून नेणारा एक हात. वरून झडप घालणारं ते त्याच्या लेखी शिकारी पाखरूच. जिथे आपलीच शिकार होईल असं वाटतं तिथे कुठलाही बॉल पायथन शिकार करायला निघत नाही.

म्हणून आधी पेटी दुरुस्त करा. माझ्या अनुभवात निम्म्याहून जास्त पिल्लं एवढ्यावरच खायला लागतात.

लपायच्या जागा दोन हव्यात, एक गरम बाजूला आणि एक थंड बाजूला, म्हणजे ऊब आणि आडोसा यांतलं एकच निवडायची वेळ त्याच्यावर येणार नाही. आणि त्या लहान हव्यात. दुकानात अर्ध्या ओंडक्याच्या आकाराची, दोन्हीकडून उघडी वस्तू विकतात ती या कामाची नाही. वेटोळं घालून बसल्यावर त्याचं अंग आतून भिंतींना टेकलं पाहिजे आणि आत जायला एकच भोक असलं पाहिजे. उपडं घातलेलं प्लॅस्टिकचं भांडं, बाजूला भोक पाडून कडा घासून घेतलेलं, चालतं. पेटीच्या तीन बाजूंना बाहेरून काळा कागद लावा. आत खोट्या वेली, पानं, सालपटं एवढी भरा की या टोकाचा साप त्या टोकाला उघड्यावरून न जाता पोचेल. तुम्हाला तो दिसेनासा होईल. तसंच व्हायला हवं.

मग ऊब. हा मुद्दा सगळ्यात जास्त दुर्लक्षित राहतो आणि सगळ्यात जास्त नडतो. सापाच्या अंगात स्वतःची उष्णता नसते. बाहेरून मिळाली तर पोटातलं पचतं, नाही मिळाली तर सडतं. त्यामुळे थंड पडलेला साप खायला नकार देतो. गरम बाजूची जमीन ८८ ते ९२ अंश फॅरेनहाइट आणि थंड बाजू ७६ ते ८० अंश हवी. काचेला चिकटवायचे गोल काट्याचे मीटर भरवशाचे नसतात. वायरच्या टोकाला सेन्सर असलेला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि तो सेन्सर साप जिथे पोट टेकतो तिथे ठेवा. हीटिंग पॅड असो की दिवा, तापमान ठरल्या आकड्यावर ठेवणारा थर्मोस्टॅट असलाच पाहिजे. थर्मोस्टॅटशिवाय लावलेल्या पॅडने पोट भाजलेले साप मी पाहिले आहेत, आणि भाजत असतानाही तो तिथून उठत नाही. गरम होणारे कृत्रिम दगड विकतात ते तर घेऊच नका.

दमटपणा ६० टक्क्यांच्या वर ठेवा. इथल्या हिवाळ्यात घरातली हीटिंग चालू असते आणि पेटीचं झाकण जाळीचं, त्यामुळे सगळी ओल उडून जाते. दिव्याची जागा सोडून बाकीच्या जाळीवर अॅल्युमिनियम फॉइल घाला. खाली नारळाच्या काथ्याचा भुसा पसरा आणि एका कोपऱ्यात पाणी ओतून तो खालून ओला ठेवा. देवदाराचा किंवा पाइनचा वासाचा भुसा टाकू नका, त्यांतल्या तेलाचा सापांना त्रास होतो.

हे सगळं झालं की दुकानात फोन करा आणि विचारा: तिथे तो काय खात होता? शेवटचं कधी खाल्लं? जिवंत की फ्रोझन, म्हणजे मारून गोठवलेला? माऊस, म्हणजे छोट्या जातीचा उंदीर, की रॅट, म्हणजे मोठ्या जातीचा? बॉल पायथन या बाबतीत कमालीचा हट्टी असतो. माऊसवर वाढलेलं पिल्लू रॅटला खाणं समजतच नाही, आणि उलटंही होतं. त्याने आजवर एकदा तरी खाल्लंय का, हे मुद्दाम विचारा. अंड्यातून आलेलं पिल्लू पहिली कात टाकेपर्यंत बहुधा खात नाही, आणि पहिलं जेवण होण्याआधीच विकलं गेलेलं पिल्लू नवख्या माणसाच्या हातात देणं हे दुकानाचं चुकलंच. डोळे निळसर दुधी झालेले दिसले तर तो कात टाकायच्या बेतात आहे. त्या दिवसांत न खाणं नेहमीचंच.

आठव्या दिवशी खायला द्या, आणि असं द्या. उंदीर सापाच्या अंगाच्या सगळ्यात जाड भागाएवढा असावा. वजनात सांगायचं तर १०० ग्रॅमच्या पिल्लाला १० ते १५ ग्रॅमचा. आदल्या रात्री तो फ्रीजरमधून खाली फ्रीजमध्ये काढून ठेवा. संध्याकाळी झिपलॉकच्या पिशवीत घालून आधी कोमट, मग गरम पाण्यात धरा. मायक्रोवेव्ह कधीच नाही. या सापाच्या वरच्या ओठावर बारीक खड्ड्यांची रांग असते, नीट पाहिलंत तर तुम्हालाही दिसेल. त्या खड्ड्यांनी त्याला उष्णता जाणवते. अंधारात उंदीर कुठे आहे ते तो असं ओळखतो. फ्रीजमधून काढलेला गार उंदीर त्याच्यापुढे नाचवलात तर त्याला ती शिकार वाटतच नाही. म्हणून देण्याच्या अगदी आधी उंदराचं डोकं पुन्हा गरम पाण्यात बुडवून साधारण १०० अंश फॅरेनहाइटपर्यंत आणा आणि कागदाने कोरडं करा.

खोलीतला दिवा बंद, टीव्ही बंद, मुलाला म्हणावं लांब बस. लांब चिमट्याने उंदराला पाठीकडून धरा आणि सापाच्या आडोशाच्या तोंडाशी, जमिनीलगत, हळूच हलवा. थेट तोंडावर आणू नका. खायचं मन असलेला साप ओळखू येतो. आधी नाकाचं टोक बाहेर येतं, जीभ संथपणे, लांब बाहेर काढून तो वास घेतो, मग मान मागे आखडून तिला बाक देतो आणि थिजल्यागत थांबतो. हा थांबा कधी कधी पाच-दहा मिनिटांचा असतो आणि नेमका तिथेच माणसांचा धीर सुटतो. हात स्थिर ठेवा. झेप इतकी चटकन येते की चिमट्याला हिसका बसल्यावरच कळतं. त्यानंतर तो उंदराला वेटोळ्यात आवळेल. तेव्हा चिमट्याने उंदराला एकदोन हलके झटके द्या, म्हणजे पकड घट्ट होते. मग बाहेर या आणि दार ओढून घ्या.

मागे सरकला, मान फिरवली, तर आग्रह करू नका. उंदीर आडोशाच्या दाराशी ठेवून निघून जा. रात्रीतून खाल्ला तर उत्तमच, नाहीतर सकाळी फेकून द्या आणि पुन्हा किमान सहा-सात दिवस थांबा. पुढच्या खेपेला एकच गोष्ट बदला: रॅटऐवजी माऊस, किंवा एक आकार लहान, किंवा रात्री उशिरा. आणखी एक उपाय म्हणजे हवेची भोकं असलेल्या छोट्या डब्यात साप आणि गरम उंदीर एकत्र ठेवून, तो डबा त्याच्याच पेटीत रात्रभर राहू देणं. अगदीच अडलं तर उंदराच्या डोक्याला सुईने टोचून थोडा मेंदू बाहेर आणतात. किळसवाणं आहे, पण त्या वासाने अडून बसलेली पिल्लंही खातात.

जिवंत उंदराबद्दल माझं मत स्पष्ट आहे. न खाणाऱ्या सापापाशी जिवंत उंदीर सोडून झोपी गेलात तर सकाळी साप कुरतडलेला सापडू शकतो. घाबरलेला उंदीर चावतो आणि हा साप उलटून चावायचं सोडून गुपचूप बसून राहतो. तुमच्या पिल्लाला आजवर फक्त जिवंतच दिलं जात असेल तर एकदा, डोळ्यांसमोर, लहान आकाराचा देऊन बघता येईल. पण ती शेवटची पायरी.

सासूबाईंना दुखवू नका, त्या काळजीनेच बोलतायत. पण साप दूध पीत नाही आणि त्याला ते पचतही नाही. नागपंचमीला गारुड्याचा नाग दूध पिताना दिसायचा, कारण त्याला आधी कित्येक दिवस तहानलेला ठेवलेला असायचा. तेव्हा त्याने समोर येईल ते प्यायलं असतं. तुमच्या सापाला स्वच्छ पाण्याचं जड, न उलटणारं भांडं पुरे. सासूबाईंच्या आणि घरात पाच वर्षांखालचं मूल असलं तर त्याच्या दृष्टीने दुसरी गोष्ट महत्त्वाची: निरोगी सापाच्या अंगावरही साल्मोनेलाचे जंतू असतात. हाताळल्यावर साबणाने हात धुवायचे, आणि सापाची भांडी स्वयंपाकघराच्या सिंकमध्ये धुवायची नाहीत. देवघर आणि फ्रीजर यांवरून घरात कुरबुर असेल तर उंदरांसाठी गॅरेजमध्ये वेगळा छोटा फ्रीजर घ्या. मी तेच केलंय.

आता तो मरेल का याबद्दल. यासाठी स्वयंपाकघरातला असतो तसा, पण वेगळा ठेवलेला, ग्रॅमचा काटा लागेल. झाकणाच्या डब्याचं वजन शून्य करून त्यात साप ठेवा, आकडा लिहा, परत ठेवा, आठवड्यातून एकदाच. पहिल्या आठवड्यात हात लावायचा नाही म्हटलं त्याला हा एकच अपवाद, आणि तोही आजच उरकून घ्या. मोठे बॉल पायथन हिवाळ्यात कित्येक महिने खात नाहीत आणि त्यांचं काही बिघडत नाही. पिल्लाजवळ तेवढी शिदोरी नसते, पण काही आठवडे निभतात. वजन जवळपास स्थिर असेल तर धीर धरा. सुरुवातीच्या वजनाच्या दहा टक्के उतरलं तर डॉक्टर गाठा.

काही खुणा दिसल्या तर वजनाची वाटही बघू नका: श्वासाबरोबर घरघर, नाकातोंडाशी फेस किंवा बुडबुडे, तोंड उघडं ठेवून मान वर धरणं, हिरड्यांवर पू. पाण्याच्या भांड्याच्या तळाशी खसखशीसारखे काळे ठिपके दिसले तर ते माइट्स, म्हणजे रक्त शोषणारे किडे. डोकं सारखं डुलत असेल आणि त्याचा रंग-नक्षी ‘स्पायडर’ जातीची असेल तर तो जन्मजात मज्जासंस्थेचा दोष आहे. अशा पिल्लाचा नेम चुकतो आणि त्याला अगदी जवळ नेऊन भरवावं लागतं. कुत्र्यामांजरांचा नेहमीचा डॉक्टर इथे पुरत नाही. असोसिएशन ऑफ रेप्टाइल अँड अॅम्फिबियन व्हेटर्नेरियन्सच्या संकेतस्थळावर राज्यानुसार डॉक्टर शोधता येतात. जाताना ताजी विष्ठा असली तर न्या, जंत तपासता येतात. तोंड उघडून जबरदस्तीने उंदीर कोंबायचा प्रकार व्हिडिओंत दिसतो, तो घरी करू नका. घसा फाटतो आणि घाबरलेला साप कायमचा बिथरतो.

खाल्ल्यानंतरही दोन दिवस हात लावायचा नाही, नाहीतर उलटून टाकेल. सलग तीन-चार जेवणं नीट झाली की मग मुलाने हातात घ्यायला सुरुवात करावी, आधी दहा मिनिटं, आठवड्यातून दोनदा. त्याला नीट सांगा की साप लळ्याने हातावर येत नाही, आपल्यापासून धोका नाही एवढंच तो शिकतो. तेरा वर्षांच्या मुलाला हे समजतं.

भारतातून कोणी हे वाचत असेल तर एवढंच: धामण, नानेटी, अजगर, कुठलाही देशी साप घरी ठेवणं हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ खाली गुन्हा आहे. घरात निघाला तर सर्पमित्राला किंवा वनविभागाला बोलवा. बॉल पायथनसारख्या विदेशी जातींची केंद्र सरकारच्या परिवेश या पोर्टलवर नोंद लागते.

परत देण्याबद्दल: आत्ता, तो खात नसताना, देऊ नका. आणखी एक पेटी, आणखी एक माणूस म्हणजे त्याच्यासाठी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. पण तो खायला लागल्यावर घरात एकदा बसून बोला. हे साप वीस-तीस वर्षं सहज जगतात. सेंट लुइसच्या प्राणिसंग्रहालयात १९६१ पासून असलेल्या मादीने २०२० मध्ये, साठीच्या पुढे, अंडी घातली. तुमचा मुलगा पाच वर्षांत कॉलेजला जाईल, आणि कॉलेजच्या वसतिगृहांत बहुधा साप ठेवू देत नाहीत. मग उंदीर गरम करायचं काम तुमच्याकडे येईल. ते तुम्हाला चालणार असेल तर ठेवा, नसेल तर चांगलं खाणारा, अंगाने भरलेला साप घ्यायला लोक आनंदाने तयार असतात.

आज गरम बाजूचं तापमान आणि त्याचं वजन मोजून कळवा, आणि जमलं तर पेटीचा फोटो टाका. आठ दिवसांनी काय झालं तेही लिहा, त्यावरून पुढे काय बदलायचं ते सांगते.