ट्रायपॉड बसला की कलंडला? केस तिथेच ठरते

मी वकील, आणि नाशिकच्या सिडकोतल्या एका ताईंचा मला मेल आलाय. त्या लग्नाची आणि प्री-वेडिंगची फोटोग्राफी एकट्या करतात, मदतीला फक्त भाचा. गंगापूर धरणाच्या बॅकवॉटरला शूट असतात, सामान पाठीवर न्यावं लागतं म्हणून हलका ट्रायपॉड हवा असं त्यांनी दुकानात सांगितलं. दुकानदाराने पाच सेक्शनचा (म्हणजे प्रत्येक पायात एकात एक सरकणाऱ्या पाच नळ्या), सव्वा किलोचा कार्बन फायबरचा ट्रॅव्हल ट्रायपॉड ८,६०० ला दिला, बॉक्सवर उंची १६२ सेंमी, लोड म्हणजे पेलायचं वजन १२ किलो. एकोणिसाव्या दिवशी, तिसऱ्याच शूटला, ट्रायपॉड दगडांवर गेला, बरोबर कॅमेरा आणि सत्तर-दोनशे मिलिमीटरची झूम लेन्स पण. दुरुस्तीचं एस्टिमेट ३८,०००. दुकानदार म्हणतो बिलावर 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' असा शिक्का आहे, आणि मधला दांडा वर काढून वाऱ्यात उभा केलात तर चूक तुमचीच. ताई विचारतायत पैसे मिळतील का, आणि आता कोणता घेऊ.

ताई, आधी एक काम, आजच करा. तो ट्रायपॉड आहे तसा जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवा, पाय आत ढकलू नका, लॉक खोलून बघू नका, भाच्याला तर हातच लावू देऊ नका. कारण ग्राहक आयोगापुढे वस्तूत दोष आहे असं म्हटलं आणि तो दोष तपासणीशिवाय कळण्यासारखा नसेल तर आयोग वस्तू सीलबंद करून लॅबला पाठवू शकतो, फी बहुतेक तुम्हालाच आधी भरावी लागते, आणि तिथे घरी खोलून परत जोडलेला ट्रायपॉड गेला की समोरचा वकील पहिलं वाक्य हेच बोलणार की ह्यांनी छेडछाड केलीये. कॅमेऱ्याचं तसं नाही, तुमचं पोट त्यावर आहे, सर्व्हिस सेंटरकडून माउंट, म्हणजे लेन्स बसते ती कडी, कशाने वाकलाय ते लेखी घ्या, फोटो काढून ठेवा आणि खुशाल दुरुस्त करून घ्या.

आता मुख्य मुद्दा, आणि हा तुमच्या चार पानी मेलमध्ये कुठेच नाहीये. तुम्ही सगळीकडे 'ट्रायपॉड पडला' असं लिहिलंय. पण ट्रायपॉड दोन तऱ्हेने पडतो. एक, पाय बसतो, म्हणजे नळ्या जागी धरणारं लॉक आवळलेलं असूनही नळी सरकून आत जाते आणि सगळं त्या बाजूला झुकतं. दुसरं, तो कलंडतो, म्हणजे पाय तिन्ही जागेवर, लांबी तेवढीच, पण वारा आला किंवा लेन्सचं वजन पुढे गेलं आणि अख्खा आडवा झाला. पाय बसला असेल तर तो मालाचा दोष. कलंडला असेल तर दुकानदाराचं म्हणणं निम्मं खरं ठरतं, कारण २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात कलम ८७ आहे, वस्तूचा गैरवापर झाला किंवा तिच्यात बदल केला असेल तर विक्रेत्यावर प्रॉडक्ट लायबिलिटी, म्हणजे सदोष मालाने झालेल्या हानीची जबाबदारी, लागत नाही, आणि जो धोका उघड आहे किंवा वापरणाऱ्याला माहीत असायलाच हवा त्याबद्दल इशारा दिला नाही म्हणून उत्पादकालाही धरता येत नाही. वाऱ्यात उंच हलकी वस्तू पडते हे उघड आहे असंच ते म्हणणार.

म्हणून आठवा, आणि भाच्याला वेगळं बसवून विचारा, तुमच्यासमोर नको. पडल्यावर उचलला तेव्हा तिन्ही पाय सारख्या लांबीचे होते का? तुम्ही पाठवलेल्या तिसऱ्या फोटोत, जिथे कॅमेरा दगडाला टेकलाय, मला डावा पाय बाकी दोघांपेक्षा वीतभर आखूड वाटतोय, आणि त्याच्या सगळ्यात खालच्या बारीक नळीवर उभा ओरखडा दिसतोय. फोटो मोठा करून बघा. तो ओरखडा लॉकमधल्या प्लास्टिकच्या कॉलरने सरकताना पडलेला असेल तर तुमची केस उभी आहे. अर्थात समोरून येणारच की तुम्ही ट्विस्ट लॉक, म्हणजे पिळून घट्ट करायचं लॉक, पुरतं आवळलं नव्हतं, किंवा वाळू गेली होती आत. त्याला उत्तर म्हणून आधीच्या दोन शूटचे पडद्यामागचे फोटो शोधा, ट्रायपॉड कसा उभा केलाय ते दिसेल असे.

दुसरी आडकाठी येईल ती 'तुम्ही धंद्यासाठी घेतला, तुम्ही ग्राहकच नाही' ही. ही दरवेळी येते, घाबरू नका. कायद्यात व्यावसायिक हेतूने घेतलेला माल वगळलाय खरा, पण स्वयंरोजगारातून पोट भरण्यासाठी स्वतः वापरायला घेतलेली वस्तू त्यात येत नाही. १९९५ मध्ये लक्ष्मी इंजिनिअरिंगच्या निकालात सुप्रीम कोर्टाने सांगितलंय की स्वतः चालवायला रिक्षा घेणारा ग्राहकच. तुमचा ट्रायपॉड म्हणजे तुमची रिक्षा. फक्त तक्रारीत 'माझी फर्म', 'माझी टीम' असलं काही लिहू नका, तुमच्या कार्डवर भलेही टीम छापलेलं असो, एकटीच काम करते आणि ह्यावरच घर चालतं हे स्पष्ट लिहा.

शिक्क्याचं फार मनाला लावून घेऊ नका. सदोष माल बिलावर दिलेल्या मुदतीत, आणि मुदत दिली नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं ही ह्याच कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा आहे. 'परत घेणार नाही' ही काही मुदत नव्हे. तुम्ही विसाव्या दिवशी दुकानदाराला व्हॉट्सअ‍ॅप केलं हे फार बरं केलंत.

आणि त्याच चॅटमध्ये तुमचं सगळ्यात मोठं हत्यार आहे, जे तुम्ही 'बाकी गप्पा' म्हणून शेवटी जोडलंय. घेण्याआधी तुम्ही लिहिलं होतं, 'दादा सत्तर-दोनशे लावून धरणावर वापरायचाय, चालेल ना', आणि त्याचं उत्तर, 'बिनधास्त घ्या मॅडम, १२ किलो घेतो'. १९३० चा सेल ऑफ गुड्स ॲक्ट, कलम १६, ग्राहकाने कशासाठी हवंय ते सांगितलं आणि विकणाऱ्याच्या माहितीवर विसंबून घेतलं तर माल त्या कामाला योग्य असावा ही अट न लिहिता लागू होते. एक पळवाट आहे, नुसतं कंपनीचं नाव घेऊन 'अमुकच मॉडेल द्या' म्हटलं असतं तर ही अट लागली नसती, पण तुम्ही मॉडेल मागितलं नाही, काम सांगितलं. शिवाय उत्पादक परदेशात आहे, इथून नोटीस पोचणार नाही किंवा हुकूम बजावता येणार नाही अशी स्थिती असली तर ग्राहक कायद्याच्या कलम ८६ खाली विकणाराच सापडतो. बॉक्सच्या बुडाशी आयात करणाऱ्याचं नाव-पत्ता असलेलं स्टिकर असतं, ते असणं बंधनकारकच आहे, त्यालाही सामनेवाला करा, म्हणजे तक्रार त्याच्याविरुद्धही करा. चॅट डिलीट करू नका, फोन बदलू नका, एक्सपोर्ट करून ठेवा, सोबत इलेक्ट्रॉनिक पुराव्याचं सर्टिफिकेट लागेल ते आपण करू.

पैशांचं सांगतो. ट्रायपॉडचे ८,६०० आणि दुरुस्तीचे ३८,००० मागा, वर त्रासाचे आणि खर्चाचे थोडे. रद्द झालेल्या ऑर्डरचे २५,००० मागायला हरकत नाही पण ते धरून हप्ते ठरवू नका, कारण प्रॉडक्ट लायबिलिटीत 'हानी'च्या व्याख्येतून धंद्याचं नुकसान बाहेर ठेवलंय, वॉरंटीच्या अटी मोडल्यामुळे झालेलं नुकसानही बाहेर आहे, म्हणून नोटिशीत 'वॉरंटी पाळली नाही' एवढंच रडगाणं नको, लॉकमधला दोष आणि खोटा भरवसा ह्यावर जोर द्या. आधी पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने. नाही ऐकलं तर नाशिकच्याच जिल्हा आयोगात तक्रार, तुम्ही जिथे राहता तिथे करता येते, मुदत दोन वर्षं, आणि वस्तूची दिलेली किंमत पाच लाखांच्या आत असल्याने फी शून्य. कॅमेरा केवढ्याचा हे फीसाठी बघत नाहीत. ऑनलाइन ई-जागृती ह्या सरकारी पोर्टलवर भरता येतं, त्याआधी १९१५ ह्या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून बघा, कधीकधी तेवढ्यावर दुकानदार नरमतो. वकील लागतोच असं नाही, हे मी स्वतःच्या पोटावर पाय देऊन सांगतोय. कागदावर तीन महिने, लॅब असेल तर पाच. प्रत्यक्षात जास्त धरा.

आता दुसरा प्रश्न, जो खरं तर वकिलाला विचारायचा नाही, पण मी थंडीत नांदूरमध्यमेश्वरला पक्षी टिपत बसणाऱ्यांपैकी आहे आणि ह्याच चुकीवर पैसे घालवून बसलोय म्हणून बोलतो. मी उंचीला भुललो होतो. सहा फुटी ट्रायपॉड, घरी गच्चीवर झकास, आणि निरीक्षण मनोऱ्यावर शेजारी कोणी पाय बदलला की फ्रेममधलं बदक नाचायचं. उंच, हलका आणि घट्ट हे तिन्ही एकत्र मागितलं की एक कुठेतरी सोडावं लागतं, आणि सव्वा किलोत १६२ सेंमी देणाऱ्याने घट्टपणा सोडलेला असतो.

बॉक्सवरची उंची बहुतेक वेळा मधला दांडा पूर्ण वर काढून मोजलेली असते. तो दांडा वर गेला की तीन पायांवर एक पाय उभा केल्यासारखं होतं, म्हणून विकत घेताना दांडा खाली ठेवून किती भरतो ते विचारा. तुमची उंची पाच फूट तीन इंच, म्हणजे डोळे साधारण १५० सेंमीवर, त्यातून हेड (कॅमेरा बसवायचा वरचा भाग) आणि कॅमेऱ्याचे वीसेक सेंमी वजा करा, पाय १३० चे असले तरी तुम्हाला वाकावं लागणार नाही. त्या १६२ साठी तुम्ही उगाच पैसे मोजले. लोडच्या आकड्याचं तर बोलूच नका, तो मोजायची सगळ्या कंपन्यांची एकच पद्धत नाही, जो तो आपापल्या हिशेबाने छापतो. तुमचं बॉडी आणि लेन्स मिळून दोन-सव्वादोन किलो, म्हणजे १२ च्या आकड्यात कागदावर आरामात बसतं, आणि तरी काय झालं ते बघितलंत. मी त्याऐवजी सगळ्यात खालची नळी बघतो, ती करंगळीएवढी असेल तर लांबूनच नमस्कार. सेक्शन जितके जास्त तितकी शेवटची नळी बारीक आणि लॉकही तितकी जास्त, तुमच्या पाच सेक्शनला तीन पायांवर मिळून बारा लॉक होती, तीन सेक्शनला फक्त सहा. बंद केल्यावर तो लांब राहतो, बॅगेबाहेर डोकावतो, ते सहन करा. वजनाला दोन किलोच्या आसपास जा. कार्बन घेतला तर हलकेपणा वाऱ्यात तुमच्यावर उलटतो हे लक्षात ठेवा, खालच्या हुकला बॅग लावा पण ती जमिनीला टेकेल अशी, अधांतरी झुलती नको. लेन्सची स्वतःची कॉलर, म्हणजे ट्रायपॉडला जोडायची कडी, असते ती वापरा, म्हणजे वजन मधोमध येतं, आणि एक पाय नेहमी लेन्सच्या खाली. सिंहस्थाचं शूट करायचं म्हणताय तर गोदाघाटाच्या पायऱ्यांवर खालच्या पायरीवरचा पाय लांब करायचा, तो पुढे, बाकी दोन आखूड वरच्या पायरीवर, आणि गर्दीत त्या पायाजवळ भाच्याला उभा करा.

दुकानात उभं राहून तुमचाच कॅमेरा लावा, लेन्स दोनशेवर, स्क्रीनवर झूम करून लांबची पाटी धरा, ट्रायपॉडच्या पायाला टिचकी मारा आणि पाटी किती वेळाने स्थिर होते ते बघा. मग तळहातांनी वरून अंगाचा भार द्या, कुठला पाय बसतो का बघा. दुकानदार वाकडं तोंड करेल, करू दे.

आणि ह्यावेळी बिलावर मॉडेल नंबर लिहून घ्या. तुमच्या आत्ताच्या बिलावर 'स्टँड १ नग' एवढंच आहे, तोच हा स्टँड हे आपल्याला आता बॉक्सवरून आणि चॅटवरून सिद्ध करावं लागणार, तेव्हा तो बॉक्स रद्दीत दिला नसेल अशी आशा करतो, असेल तर आज संध्याकाळी रद्दीवाल्याकडे जाऊन या.