डिचोलीच्या डंपांवरील हिरवाई २०२२ मध्ये अचानक का घटली?

गोव्यातील लोहखनिजाच्या खाणी १६ मार्च २०१८ रोजी बंद झाल्यानंतर डिचोली तालुक्यातील डंपांवर, म्हणजे खाणीतून काढून टाकलेल्या माती-दगडांच्या ढिगांवर, हिरवाई किती परतली, हे आपण सेंटिनेल-२ उपग्रहांच्या प्रतिमांवरून तपासत आहात. २०२१ पर्यंत एनडीव्हीआय, म्हणजे हिरवाई मोजणारा निर्देशांक, चढत गेला आणि २०२२ मध्ये एकदम कोसळला, तेव्हा तिथे वृक्षतोड झाली असावी का, असा आपला प्रश्न आहे. तोडीचा निष्कर्ष काढण्याआधी आकडे तपासावेत.

हे उपग्रह चालवणाऱ्या युरोपीय अवकाश संस्थेने २५ जानेवारी २०२२ पासून प्रतिमांची प्रक्रिया बदलली आणि प्रत्येक प्रकाशपट्ट्याच्या मूल्यात १००० मिळवायला सुरुवात केली. एनडीव्हीआय म्हणजे निकट-अवरक्त आणि तांबड्या पट्ट्यांच्या मूल्यांतील फरक भागिले त्यांची बेरीज. आधी तांबड्या पट्ट्याचे मूल्य ८०० आणि निकट-अवरक्ताचे २४०० असेल, तर एनडीव्हीआय ०.५० येतो, त्याच झाडांसाठी नव्या पद्धतीत १८०० आणि ३४०० मिळतात आणि उत्तर ०.३१ वर येते. एकही पान न गळता हिरवाई घटलेली दिसते ती अशी. जुन्या प्रतिमांचीही नंतर पुनर्प्रक्रिया झालेली असल्यामुळे नुसत्या तारखेवर विसंबू नये. सोबतच्या माहितीफाइलमध्ये प्रोसेसिंग बेसलाइन (प्रक्रियेची आवृत्ती) ०४.०० किंवा त्यापुढची दिसली, तर १००० वजा करूनच गणित मांडावे. गूगलच्या अर्थ इंजिन या संगणकीय मंचावर काम करत असाल, तर तिथला हार्मोनाइज्ड, म्हणजे हा फरक आधीच काढून टाकलेला, संच घ्यावा.

मला अधिक काळजी वाटते ती २०२१ पर्यंतच्या चढत्या रेषेची. आपल्याकडे डंपांवर प्रामुख्याने आकेशिया, म्हणजे ऑस्ट्रेलियन बाभूळ लावली गेली. ती बारमाही हिरवी असते, त्यामुळे तिचा एनडीव्हीआय उत्तम येतो. पण त्या झाडांखाली मी पाहिले आहे ते वाळक्या पानांचा जाड थर आणि त्यातून क्वचितच वर आलेले एखादे स्थानिक रोप. किंजळ, नाणा या स्थानिक झाडांचे रान उन्हाळ्यात पाने टाकते. म्हणून डिसेंबर आणि मार्चअखेरची प्रतिमा शेजारी ठेवा: जिथे मूल्य जवळजवळ हलत नाही, तिथे आकेशिया किंवा काजू असण्याची शक्यता जास्त. आणि कातळाचे सडे, म्हणजे जांभ्याची उघडी पठारे, कृपया ‘नापीक’ गटात टाकू नका. उन्हाळ्यात उघडे दिसणे हा त्यांचा स्वभावच आहे.

वर्षावर्षांची तुलना मात्र एकाच महिन्यात करावी. त्यानंतर दोन-तीन डंपांवर प्रत्यक्ष जाऊन या आणि पायथ्याची भातशेती आवर्जून पाहा, कारण पावसात उतरलेला तांबडा गाळ एखाद्या अरुंद कुणग्यात, म्हणजे भाताच्या छोट्या तुकड्यात, साचला असेल, तर प्रतिमेच्या दहा मीटरच्या चौकटीत तो हमखास दिसेलच असे नाही.