नातीला ‘आई’ म्हणून हाक मारू?

प्रश्न : मुलगा-सून नागोयाला असतात. दोन महिन्यांनी सून बाळंत होईल. मुलगी आहे हे तिथल्या डॉक्टरांनी सांगितलंय. तिला ‘आइ’ नाव ठेवायचं म्हणतात, जपानीत अर्थ प्रेम. आमचे मालक म्हणतात, नात ‘आई’ झाली तर तिच्या आईला काय म्हणायचं? असलं नाव तिकडं खरंच ठेवतात का?
— एक होणारी आजी, मंगळवार पेठ, कोल्हापूर

उत्तर : ठेवतात की! १९८० च्या दशकात बरीच वर्षं मुलींच्या नावांत ‘आइ’ पहिलं होतं. टेबल टेनिसवाली फुकुहारा आइ १९८८ ची, त्याच लाटेतली. म्हणजे आपल्याकडच्या मनीषा-वैशालीसारखं, नातीपेक्षा सुनेच्या वयाला शोभणारं. हल्ली तिकडं हिमारी, त्सुमुगी अशी नावं जोरात आहेत.

अर्थाचं म्हणाल तर जपानी नाव नुसतं ऐकून कळत नाही, कुठल्या अक्षरानं लिहिलंय ते विचारावं लागतं. प्रेमाचं अक्षर तेरा रेघांचं, त्याच्या पोटात ‘हृदय’ बसलेलं. सम्राटांची लेक आइको, तिच्या नावातही हेच. दुसरं अक्षर घेतलं तर तीच ‘आइ’ कापड रंगवायची नीळ होते! कितीतरी घरांत रेघा मोजून शुभ-अशुभ बघतात. आपण राशीचं अक्षर काढतो, त्यातलाच प्रकार.

ह्यांच्या नोकरीपायी आम्ही चार वर्षं तिकडं होतो. खालच्या मजल्यावर एक चिमुरडी आइ होती. मी गॅलरीतून कोल्हापूरला फोन लावून ‘आई, ऐकू येतंय का?’ असं ओरडले, की ती खालून ‘हाइ!’ (जपानीत ‘हो’) म्हणून ओ द्यायची. माझ्या आईला वाटायचं, लाइनमध्ये कोणीतरी घुसलंय.

मालकांना सांगा, अंबाबाईलाही आपण आईच म्हणतो, नातीला म्हटलं तर जीभ झडत नाही. पण उद्या ती इथल्या शाळेत आली आणि हजेरीला ‘आई पाटील’ पुकारलं, तर वर्ग आवरायचा कुणी?

प्रेमाचं तेच अक्षर ‘माना’ असंही वाचतात, पण आपल्याकडं माना डोलवायच्या असतात. ‘आइका’ म्हटलं की लोक म्हणतील, सांगा, ऐकतोय. माझं मत ‘मनामी’ला. प्रेमाचं अक्षर, पुढं सौंदर्याचं, आणि मराठी कानाला आत ‘मन’ ऐकू येतं.

ठरवायचं ते आत्ताच ठरवा. आपलं बारसं सवडीनं होतं, तिकडं जन्माची नोंद १४ दिवसांत करावी लागते. जिलेबी मात्र मंगळवार पेठेतूनच येऊ द्या.