विचारा की! : कॅम्पसमधला वसंत

प्रश्न : ताई, मी मुंबई विद्यापीठाच्या कलिना कॅम्पसला एमए करतेय, दुसरं वर्ष. आम्ही सात-आठ जणांनी मार्चएंडला छोटा वसंतोत्सव करायचा ठरवलाय, गाणी, एक एकांकिका, थोडी चित्रं, आणि आसपासच्या वस्तीतल्या लोकांनाही बोलवायचंय. सर म्हणतात परीक्षा तोंडावर आल्यात, मित्र म्हणतात डीजे नसेल तर कुत्रंही फिरकणार नाही, आणि आई म्हणते मुंबईत कसला आलाय वसंत! काय करू?
— एक विद्यार्थिनी, वाकोला

उत्तर : आईंना आधी विक्रोळीला ने बाई. ईस्टर्न एक्स्प्रेस हायवेच्या कडेला टॅबेबुया फुलतो तेव्हा लोक गाड्या थांबवून फोटो काढतात, तो वसंत नाही तर काय.

सरांचं मात्र ऐक. मार्चएंडला तुमचेच लोक झेरॉक्सच्या लाइनीत उभे असणार. 27 मार्चला जागतिक रंगभूमी दिन असतो त्यामुळे मोह होणार हे मला कळतं, पण त्यापेक्षा 27 फेब्रुवारी धर, कुसुमाग्रजांचा जन्मदिवस, मराठी भाषा गौरव दिन. त्या दिवशी विभागात काहीतरी होतंच, हॉलही मिळतो, त्यालाच जोडून घेतलंत तर परवानगीच्या अर्जासाठी निम्म्या चपला तरी वाचतील.

डीजे विसरा. रात्री 10 नंतर उघड्यावर लाउडस्पीकर चालत नाही आणि कॉलेजच्या 100 मीटरच्या आत तर शांतता क्षेत्रही असू शकतं, शिवाय डीजेला जेवढे पैसे जातील त्यात सगळ्यांचा वडापाव-चहा होऊन वर चित्रांच्या फ्रेमा निघतील.

आता एकांकिका. इथे भले भले फसतात. कॉपीराइट कायद्याच्या कलम 52 मध्ये कॉलेजांना सवलत आहे पण ती कधी, तर करणारे विद्यार्थी-शिक्षक आणि बघणारेही विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोक एवढेच असतील तर. तुम्ही वाकोल्याची जनता आत आणणार म्हणजे ती सवलत गेली, मग लेखकाला (लेखक हयात नसेल तर वारसांना) फोन करून रीतसर परवानगी घ्यायची, मानधन विचारायचं. लाजू नका, बरेच लेखक विद्यार्थ्यांना समजून घेतात. नाहीतर सरळ एकनाथांचं भारूड करा, तिथे कोणी बिल पाठवत नाही.

आणि वस्तीतल्या लोकांना नुसतं टाळ्या वाजवायला का बोलावताय? कलिन्याचं जुनं नाव कोळे-कल्याण, तिथे ईस्ट इंडियन (म्हणजे मुंबईतले मूळचे ख्रिस्ती) कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या राहतायत, त्यांची स्वतःची मराठी आहे, लग्नातली गाणी आहेत, ब्रास बँड आहे. एखाद्या आजीला स्टेजवर बसवून दोन गाणी म्हणायला लावा, मग बघा कोण कोण येतं ते, अख्खं गावठाण येईल. माझ्या एका मैत्रिणीच्या कॉलेजात पाहुण्यांची नावं गेटवर द्यायची राहिली आणि प्रमुख पाहुण्या अर्धा तास बाहेर उन्हात! तेव्हा यादी आदल्या दिवशीच वॉचमनकाकांच्या हातात. व्हॉट्सॲपवर नाही, कागदावर.

प्रश्न : मी रिटायर्ड आहे, सांताक्रूझला राहतो. आमच्यासारख्यांना विद्यार्थ्यांचं काम बघायला मिळतं का?
— एक वाचक

उत्तर : मिळतं हो काका. विद्यापीठाची नाट्य अकादमी आणि लोककला अकादमी दोन्ही तुमच्या जवळच, कलिन्यात, प्रयोग कधी आहे ते ऑफिसात जाऊन विचारा. फोर्टला जाणार असाल तर जे.जे. स्कूल ऑफ आर्टचं वार्षिक प्रदर्शन चुकवू नका. 1857 पासूनची संस्था, पण भिंतीवर लटकतं ते विशीतल्या पोरांचं काम. जानेवारी-फेब्रुवारीत काळा घोडा फेस्टिव्हलही असतो, नऊ दिवस, बहुतेक सगळं फुकट, फक्त शनिवार-रविवार टाळा, पाय ठेवायला जागा नसते, दुपारी 12 च्या सुमाराला निवांत फिरून या. ओळखपत्र खिशात असू द्या. आणि वर जिने पत्र लिहिलंय ती तुमच्या शेजारचीच की, तिने कार्यक्रम केलाच तर जाऊन बसा.