जनधन खातं उघडल्याने गरीब कुटुंबांची बचत खरंच वाढते का?

काही प्रमाणात वाढते, पण नुसतं खातं उघडून नाही. त्यात नियमित पैसे येऊ लागले आणि भरणं-काढणं घराजवळ जमलं, तरच. 28 ऑगस्ट 2014 ला योजना सुरू झाली तेव्हा बरीच खाती शून्य शिल्लकीवर पडून होती. गॅसचं अनुदान, रोजगार हमीची मजुरी थेट जमा होऊ लागली तशी ती हलली. तरी जागतिक बँकेच्या 2021 च्या फिंडेक्स पाहणीत (लोक बँक खाती कशी वापरतात याची पाहणी) भारतातल्या सुमारे 35 टक्के खातेदारांनी वर्षभरात एकही व्यवहार केलेला नव्हता. पन्नास रुपये भरायला अर्ध्या दिवसाची मजुरी बुडवून कोण जाईल? त्यात बँक मित्राच्या, म्हणजे गावात बँकेचे व्यवहार करून देणाऱ्या प्रतिनिधीच्या, यंत्रावर अंगठा उमटला नाही तर तीही फेरी वाया. म्हणूनच बायका आजही भिशी आणि बचत गट धरून आहेत. तिथे ठरलेल्या दिवशी पैसे भरावेच लागतात. ही शिस्त खातं लावत नाही.

एक मात्र लक्षात घ्या: खात्यातली वाढलेली शिल्लक म्हणजे सगळी नवी बचत नव्हे. नोव्हेंबर 2016 च्या नोटाबंदीनंतर डाळ-तांदळाच्या डब्यात जपलेला पैसाही खात्यात गेला होता.