नाशिकमध्ये आठवड्याचा किराणा कोणत्या सुपरमार्केटमधून घेतल्यास स्वस्त पडतो?

आपण पाथर्डी फाट्याजवळ नव्याने राहायला आला आहात, घरात दोन मोठी माणसे आणि एक लहान मूल आहे, आणि दर आठवड्याचा किराणा डीमार्टमधून घ्यावा, रिलायन्स स्मार्टमधून घ्यावा की कॉलनीतल्या दुकानातून, असे आपण विचारले आहे. मी इंदिरानगरमध्ये राहते. हाच प्रश्न मलाही पडला होता, म्हणून गेल्या दिवाळीनंतर सलग आठ आठवडे मी सगळी बिले जपून ठेवली आणि ती वहीत उतरवून ताडून पाहिली. त्यातून जे हाती आले ते लिहिते.

पहिली गोष्ट ही की, दोन दुकानांच्या बिलांच्या बेरजा समोरासमोर ठेवून काहीही कळत नाही, कारण दोन्ही पिशव्यांत माल वेगळा असतो. मी एकवीस वस्तूंची यादी पक्की केली आणि प्रत्येकीचा प्रकारही ठरवून टाकला. नुसते ‘तांदूळ’ लिहून चालत नाही. कोलम की इंद्रायणी, जुना की नवा, हे ठरलेले नसेल तर किलोमागे दिसणारा फरक दुकानाचा नसून तांदळाचा असतो. तूरडाळीचेही तसेच आहे. सुट्टी डाळ हातात घेऊन दाणा किती सारखा आहे, चुरा किती आहे हे पाहिल्याशिवाय ती पाकिटातल्या डाळीपेक्षा स्वस्त आहे असे मी म्हणणार नाही.

सर्वांत जास्त फसगत तेलात होते. एक लिटर खाद्यतेलाचे वजन साधारण ९१० ग्रॅम भरते, पण शेजारच्याच फळीवर त्याच आकाराची दिसणारी ८५० किंवा ८०० ग्रॅमची पिशवीही असते. समजा, लिटरची पिशवी १५० रुपयांना आणि ८५० ग्रॅमची १४५ रुपयांना आहे. पाच रुपये वाचले असे वाटते, परंतु किलोचा भाव काढला तर पहिली सुमारे १६५ रुपयांना आणि दुसरी सुमारे १७१ रुपयांना पडते. पाकिटावर एमआरपीजवळ दर ग्रॅमचा किंवा दर मिलिलिटरचा भाव बारीक अक्षरांत छापलेला असतो. मात्र तो एमआरपीवरून काढलेला असल्यामुळे, दुकान सवलत देत असेल तर भागाकार आपल्यालाच करावा लागतो. मोबाइलवर त्याला अर्धे मिनिटही लागत नाही.

जुनी बिले हाताशी असली तरी ती तुलनेत घेऊ नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे दर बदलले असून साबणाची वडी, टूथपेस्ट, शाम्पू आणि बिस्किटे यांवरचा कर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर, तर तूप आणि लोण्यावरचा १२ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला आहे. कपडे धुण्याची पावडर मात्र १८ टक्क्यांतच राहिली. धान्याच्या आणि डाळींच्या २५ किलोपर्यंतच्या छापील पाकिटांवर जुलै २०२२ पासून ५ टक्के कर आहे, सुट्ट्या मालावर तो नाही. कॉलनीतल्या दुकानात सुटी डाळ कधी कधी सुपरमार्केटच्या पाकिटाच्या बरोबरीने पडते, त्यामागे हेही एक कारण आहे.

आता माझ्या वहीचा निष्कर्ष. त्याच एकवीस वस्तूंसाठी दोन सुपरमार्केटांमधला फरक आठवड्याला शंभर-सव्वाशे रुपयांच्या वर एकदाही गेला नाही, आणि स्वस्त ठरणारे दुकानही दर आठवड्याला एकच नव्हते. डीमार्टचा भर रोजच एमआरपीपेक्षा कमी भाव लावण्यावर असल्याने तिथला आकडा फारसा हलत नव्हता. रिलायन्स स्मार्टमध्ये मात्र त्या आठवड्यात कोणत्या वस्तूंवर ऑफर आहे यावर सगळे अवलंबून होते. मात्र यादीत नसलेल्या, केवळ समोर दिसल्या म्हणून उचललेल्या वस्तूंची रक्कम जवळजवळ प्रत्येक वेळी या फरकाच्या दुपटीहून जास्त निघाली. मला स्वतःला हे वहीत मांडून पाहीपर्यंत खरे वाटले नसते. शिवाय जाऊन-येऊन दहा किलोमीटर चारचाकी नेली, तर शंभरी ओलांडलेल्या पेट्रोलच्या भावाने साठ-सत्तर रुपये तिथेच जातात, ते हिशेबात धरायलाच हवेत.

भाजीपाला मी या तुलनेतून पूर्णपणे वगळला आहे. आपल्या शहरात बुधवारी गोदाघाटावर बाजार भरतो. तिथे किंवा रोजच्या भाजीवाल्याकडे ताजी भाजी मिळत असताना ती सुपरमार्केटच्या बिलात कशाला घालायची? तुलनेपुरता तांदूळ यादीत घेतला असला, तरी एरवी गहू आणि तांदूळही मी आठवड्याच्या खरेदीत धरत नाही. एप्रिल-मेमध्ये वर्षाचा गहू भरून ठेवायचा आणि लागेल तसा गिरणीतून दळून आणायचा, ही आमच्याकडची जुनी रीत आहे. इंद्रायणी तांदूळ आम्ही घोटीहून आणतो, कारण इगतपुरी तालुका भाताचा आहे आणि घोटीत गिरण्याही पुष्कळ आहेत. भाड्याच्या घरात जागा नसेल तर तीन महिन्यांचे धान्य भरले तरी चालते.

एक सूचना मात्र मनापासून करते. एका दुकानात फळीवरच्या चिठ्ठीवर एक भाव आणि बिलात दुसरा, असे माझ्या बाबतीत दोनदा घडले. दोन्ही वेळा मी तिथेच दाखवून दिले आणि फरकाचे पैसे परत मिळाले, पण घरी आल्यावर पाहिले असते तर पुन्हा तेवढ्यासाठी गेले नसते. काउंटर सोडण्यापूर्वी बिल वाचावे. दाद मिळाली नाही, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे.

आपल्या तिघांसाठी मी असे करीन: तेल, साबण, धुण्याची पावडर, चहा, साखर आणि डाळी महिन्यातून एकदा यादी करून, घराला जे जवळ असेल त्या सुपरमार्केटमधून आणीन आणि मधल्या आठवड्यांत लागणारे किरकोळ सामान कॉलनीतल्या दुकानातून घेईन. पहिले चार आठवडे मात्र वही ठेवा, कारण मुलाचे दूध, बिस्किटे आणि खाऊ यांचा वाटा आपल्या घरात माझ्या घरापेक्षा वेगळा असणार आहे.