रोध, प्रतिरोध आणि 'वीज खाणारी' इस्त्री

नागपूरच्या एका पालकांनी विचारलं आहे: मुलीच्या विज्ञानाच्या पुस्तकात 'रोध' आहे, शिकवणीच्या वहीत 'प्रतिरोध' आणि कूलर बसवायला आलेला इलेक्ट्रिशियन 'रजिस्टन्स' म्हणतो, तर बरोबर काय? शिवाय, इस्त्री एवढी वीज खाते म्हणजे तिचा रोध जास्तच असणार ना?

मराठी माध्यमाच्या मुलीने 'रोध'च लिहावं. 'प्रतिरोध' हिंदी पाठ्यपुस्तकांतला. नागपुरात दोन्ही भाषांची पुस्तकं एकाच टेबलावर असतात, त्यामुळे तो वहीत सहज उतरतो. 'रजिस्टन्स' बोलण्यात खुशाल राहू द्या.

दुसरा प्रश्न मात्र मला फार महत्त्वाचा वाटतो, कारण तिथे शब्दाचा अर्थ निसटला की गणितही चुकतं. रोध म्हणजे धारेची (करंटची) अडवणूक. वीज खाणं म्हणजे रोध नव्हे. ओहमने १८२७ मध्ये मांडलेल्या नियमानुसार विभवांतराला, म्हणजे व्होल्टमध्ये मोजल्या जाणाऱ्या विजेच्या दाबाला, धारेने भागलं की रोध मिळतो. त्याच दोन आकड्यांचा गुणाकार केला की शक्ती मिळते. इस्त्रीच्या पाटीवर २३० व्होल्ट, १००० वॉट लिहिलेलं असेल, तर ती सुमारे ४.३५ अँपिअर धारा घेते आणि तिचा रोध ५३ ओहमच्या आसपास येतो. २००० वॉटच्या गीझरला ८.७ अँपिअर लागतात, रोध साडेसव्वीस ओहम. जुन्या ६० वॉटच्या पिवळ्या बल्बचा रोध, तो पेटलेला असताना, तब्बल ८८० ओहमच्या वर! दाब तोच असेल तर जो कमी अडवतो तोच जास्त ओढतो. म्हणून इस्त्रीचा रोध बल्बपेक्षा कितीतरी कमी.

मे महिन्यात संध्याकाळी आपण म्हणतो, 'आज करंट कमी येतोय.' खरं तर कमी झालेला असतो तो दाब. महावितरण 'उच्चदाब' आणि 'लघुदाब' ग्राहक म्हणते, त्यातला हाच दाब, म्हणजे पुस्तकातलं विभवांतर. तो १८० व्होल्टवर उतरला की त्याच इस्त्रीत धारा सुमारे ३.४ अँपिअर होते आणि शक्ती ६१२ वॉटच्या आसपास. दाब एक पंचमांशाहून थोडा जास्त घटला, पण शक्ती जवळजवळ चाळीस टक्क्यांनी. कपड्यांच्या सुरकुत्या का जात नाहीत, ते इथे कळतं.

'शक्ती' आपण रोजच्या बोलण्यात ताकद या अर्थी वापरतो. विज्ञानात ताकद लावण्याला 'बल' आणि काम किती वेगाने होतं त्याला 'शक्ती'. कोराडी वीज केंद्रातल्या ६६० मेगावॉटच्या संचाबद्दल वर्तमानपत्रं 'क्षमता' लिहितात, तीही शक्तीच. बिलातलं युनिट मात्र ऊर्जेचं: १००० वॉटची इस्त्री सलग तासभर तापती राहिली की एक युनिट.

मुलीला एक गोष्ट आवर्जून सांगा. हे सरळ गणित इस्त्री, गीझर, शेगडी अशा तापणाऱ्या वस्तूंचं आहे. कूलरच्या मोटारीला ते जसंच्या तसं लावू नये. तिथे व्होल्ट आणि अँपिअर गुणले की खऱ्या वॉटपेक्षा मोठा आकडा येतो, आणि त्याला पॉवर फॅक्टरने, म्हणजे त्या गुणाकाराचा किती भाग खरे वॉट असतो ते सांगणाऱ्या एकाहून लहान आकड्याने, गुणावं लागतं.